हॉलमधली चिडिया आणि चंबळचा पाणचिरा

त्या रविवारी मी ३१२ फोटो काढले. भाचा घरी आला, बूटही न काढता लॅपटॉपसमोर बसला आणि एकेक फोटो पुढे सरकवू लागला. पन्नासएक झाल्यावर त्याने मान वर करून विचारलं, “आत्या, यातला मी कुठला?”

प्रश्न रास्त होता. बहुतेक फोटोंत पिवळट उजेडातला एक पांढरा टीशर्ट होता, टीशर्टाच्या टोकाला हातासारखं काहीतरी आणि रॅकेटच्या जागी धुराची रेघ. एक फोटो मात्र अगदी लख्ख आला होता. जाळीचा. तिच्या गाठी मोजाव्यात इतका लख्ख.

मला राग आला तो स्वतःचाच. पक्ष्यांचे फोटो काढायला लागून मला चार वर्षं झाली होती. तिघरा धरणावर हिवाळ्यात उतरणारी बदकं, डबऱ्याकडच्या भातशेतांतली सारसाची जोडी, किल्ल्याच्या कड्याभोवती घिरट्या घालणाऱ्या घारी असं बरंच काही जमलं होतं. मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा भिंतभर फोटो लावले, तेव्हा लोकांनी कौतुकही केलं होतं. उडता पक्षी टिपणाऱ्या बाईला ४४ फुटी कोर्टावर पळणारा चौदा वर्षांचा मुलगा काय अवघड, अशा थाटात मी हॉलमध्ये गेले होते.

अवघड काय ते नंतर कळलं. आपल्या डोळ्यांना हॉल चांगला उजळलेला वाटतो, पण डोळा मोठा सोशिक आहे, मिळेल त्या उजेडात भागवून घेतो. कॅमेऱ्याला तसं जमत नाही. बाहेरच्या उन्हाच्या मानाने बॅडमिंटनच्या साध्या हॉलमध्ये उजेड शेकडो पटींनी कमी असतो. माझी पक्ष्यांची लांब लेन्स पूर्ण उघडली तरी ‘एफ ५.६’पर्यंतच उघडायची. एवढ्या चिंचोळ्या खिडकीतून पुरेसा उजेड आत यायचा, तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात मुलगा कोर्टाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेला असतो. फ्लॅश वापरायचा नाही. ऐन स्मॅशच्या क्षणी समोरच्याच्या डोळ्यांवर लख्खकन उजेड पडला तर गुण जाईल, कदाचित पाऊलही मुरगळेल.

थोडा हिशेब करून पाहा, मजा वाटेल. शटलचा वेग ताशी २०० किलोमीटर धरला, तर एका सेकंदाच्या शंभराव्या भागात ते ५५ सेंटिमीटर पुढे जातं. म्हणजे १/१०० सेकंदाच्या फोटोत ते शटल नसतंच, दीड-पावणेदोन फुटांची पांढरी रेघ असते. १/१००० सेकंदाला ही रेघ साडेपाच सेंटिमीटरांवर येते आणि शटल ओळखू येऊ लागतं. २०० हा आकडा मोठा वाटत असेल तर हेही ऐका: सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या ज्या स्मॅशची २०२३ साली गिनीज बुकात नोंद झाली, त्याचा वेग ताशी ५६५ किलोमीटर होता. आमच्या हॉलमध्ये कुणी तेवढं मारत नाही, हे माझ्या पथ्यावर.

उपाय एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या गृहस्थांकडे सापडला. त्यांची जुनी ८५ मिलिमीटरची, ‘एफ १.८’ची लेन्स मी विकत घेतली. ती माझ्या लांब लेन्सपेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. शटर १/८०० किंवा १/१०००, आयएसओ ३२०० ते ६४०० असं बसवलं की काम होतं. फोटोला दाणे येतात, येऊ देत. दाणेदार फोटो आजीसुद्धा आवडीने बघते, हललेला फोटो कुणी बघत नाही. या लेन्सचं एक दुखणं आहे. वीस फुटांवरच्या खेळाडूचा जेमतेम सव्वा फुटाचा पट्टा तिला स्पष्ट दिसतो. नाक स्पष्ट आलं तर मागचा हात धूसर येतो, म्हणून नेम डोळ्यांवरच धरायचा.

दुसरी गंमत दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्तातले काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला ते जाणवत नाही. १/१००० सेकंदाचा फोटो मात्र त्या लुकलुकीचा एकच तुकडा पकडतो, म्हणून लागोपाठ काढलेल्या पाच फोटोंत एक उजळ, एक काळपट आणि एक कावीळ झाल्यासारखा येतो. माझा कॅमेरा बिघडला असं समजून मी तो दुरुस्तीला टाकायला निघाले होते. नव्या कॅमेऱ्यांत ही लुकलुक ओळखून तेज क्षणीच फोटो घेण्याची सोय असते. ती नसेल तर भरपूर फोटो काढायचे आणि बरे तेवढे ठेवायचे.

पण खरी शिकवणी यंत्राची नव्हती. मी शटलच्या मागे कॅमेरा फिरवत होते. तिथले प्रशिक्षक दोन-तीन दिवस हे बघत होते. शेवटी त्यांनी सांगितलं, “चिडिया के पीछे मत भागिए, कंधा देखिए।” आमच्याकडे ग्वाल्हेरला मुलं शटलला चिडियाच म्हणतात. मराठी घरांतली मुलंसुद्धा ‘फूल’ म्हणत नाहीत. मग पुढचे तीन रविवार मी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि नुसती बघत बसले. भाचा स्मॅश मारणार असला की डावा हात आधी वर जातो, जणू तो चिडियेला बोट दाखवतोय. ड्रॉप टाकणार असला की तोच हात वर जातो, पण खांदा ढिला राहतो. त्याच्याबरोबर खेळणारी एक मुलगी प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ओठ मुडपते. कोण कोणत्या कोपऱ्यात दमतो, कोण गुण गेला की लगेच पंच्याकडे बघतो, हे सगळं कळायला लागलं. चौथ्या रविवारी कॅमेरा काढला तेव्हा फोटो कमी निघाले. चाळीसच. पण भाच्याने त्यातले अकरा मागून घेतले.

चिडिया हे नाव मला फार आवडतं, कारण चांगलं शटल खरोखर पक्ष्याचंच असतं. बदकाच्या किंवा हंसाच्या पंखातली १६ पिसं बुचाच्या गोल बुडात खोवलेली असतात आणि सगळ्याचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास. पिसं एकाच बाजूच्या पंखातली घेतात, बहुधा डाव्या, म्हणजे सगळ्यांची वळणं एका दिशेला राहतात आणि शटल नीट गिरक्या घेत जातं. आणि ज्या खेळापायी मी ग्वाल्हेरच्या एका हॉलमध्ये रविवार घालवते, त्याचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी पुण्यात बसवले. कितीतरी दिवस त्या खेळाला ‘पूना’च म्हणत. पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगू नका, आधीच त्यांना कमी नाही.

हॉलमधल्या खेळांसाठी ग्वाल्हेर तसं नशीबवान शहर आहे. लोकांना आमचं रूपसिंग स्टेडियम माहीत असतं ते २४ फेब्रुवारी २०१० मुळे. एकदिवसीय सामन्यांतलं पुरुषांचं पहिलं द्विशतक सचिनने तिथे ठोकलं. पण शहराला खेळाचं वळण लावलं ते लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेने. १८५७ च्या लढ्याला १०० वर्षं झाली तेव्हा, ऑगस्ट १९५७ मध्ये, ती राणीच्या स्मरणार्थ सुरू झाली. राणीची समाधीही याच गावात, फूलबागेजवळ. २०२३ च्या सुरुवातीला ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांमधलं बॅडमिंटन, हॉकी, जिम्नॅस्टिक्स आपल्या शहरात झालं. प्रेक्षकांत बसले असताना पहिल्या दिवसाची पंचाईत मला आठवते: समोर मध्य प्रदेशाची मुलगी आणि महाराष्ट्राची मुलगी. टाळ्या कुणाला वाजवायच्या? मी दोघींना वाजवल्या आणि शेजारच्या दोन्ही बाजूंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. त्या वर्षी पदकतक्त्यात महाराष्ट्र पहिला आला. आमच्या घरी निम्म्या लोकांनी पेढे खाल्ले, बाकीच्या निम्म्यांनीही खाल्ले.

आता नदीकडे येते, कारण हॉलमध्ये शिकलेलं मला तिथे कामी आलं. आणि तिथेच मी चुकले.

ग्वाल्हेरहून मुरैना ओलांडून धौलपूरच्या रस्त्याला लागलं की साधारण ६० किलोमीटरवर चंबळ लागते. लहानपणी आम्हाला ही नदी म्हणजे फक्त डाकू असं सांगितलेलं. दोन्ही काठांना मातीच्या घळी, बीहड, आणि त्यात लपलेले बागी. त्या भीतीनेच नदी राखली असं इकडचे जाणते म्हणतात. काठाला मोठी शहरं, कारखाने फारसे आले नाहीत, पाणी निवळ राहिलं. १९७९ पासून हा पट्टा राष्ट्रीय चंबळ अभयारण्य आहे. एकच नदी, पण अभयारण्य तीन राज्यांचं: मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश. १९७० च्या दशकात जगात जेमतेम २०० च्या आत उरलेले घडियाल, मराठीत आपण ज्याला सुसर म्हणतो ते, आज सर्वांत जास्त आहेत ते याच नदीत. मुरैन्याजवळ देवरीला त्यांचं पाळणाघर आहे. काठावरच्या वाळूतून काही अंडी आणून उबवतात, पिल्लं साधारण चार फुटांची झाली की नदीत सोडतात. घरातल्या लहान मुलांना घेऊन एकदा जरूर जा. नराच्या नाकाडावरचा तो घडा दिसला की घडियाल हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धृतिमान मुखर्जी यांचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल: चंबळच्या पाण्यात मोठा नर आणि त्याच्या पाठीवर गर्दी करून बसलेली शेकडो पिल्लं. तो फोटो जगभर गेला. काढला गेला आपल्या घरापासून तासा-दीड तासाच्या नदीवर.

माझा जीव जडला तो पाणचिऱ्यावर. काळी टोपी, पांढरी मान, केशरी चोच, आणि त्या चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. पाण्याला जवळजवळ चिकटून उडतो, चोच उघडी ठेवतो आणि खालची चोच पाण्यात बुडवून नांगराच्या फाळासारखी रेघ ओढत जातो. मासोळी लागली की चोच मिटते. पाणचिरा हे नाव ज्याने ठेवलं, त्याने पक्षी नुसता पाहिला नव्हता, न्याहाळला होता. जगात आता हे पक्षी थोडे उरलेत, धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहेत, आणि चंबळच्या वाळूच्या बेटांवर ते दर उन्हाळ्यात अंडी घालतात. लोक मला विचारतात, कुनोला चित्ते आलेत, तुझ्याकडे चित्त्याचा फोटो आहे का? नाही. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते आले तेव्हा टीव्हीवर पाहिले तेवढेच. पाणचिऱ्याचा फोटो आहे का, असं मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.

हा पक्षी रेघ ओढतो ती भल्या पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. म्हणजे उजेड हॉलइतकाच गरीब. तीच १/१००० ची गरज, तेच ६४०० आयएसओ. नावेत तिवई चालत नाही, इंजिनाचा थरकाप सगळा तिच्यातून कॅमेऱ्यात येतो. गुडघे टेकून, कोपर पोटाशी धरून बसावं लागतं. पहिल्या दोन खेपांना मी पुन्हा चिडियेच्या मागे धावण्याची चूक केली. मग प्रशिक्षकांचं वाक्य आठवलं. पाणचिऱ्याला खांदा कुठून आणायचा? पण बघत राहिल्यावर लक्षात आलं, की एकदा रेघ ओढून गेला की बरेचदा तो वळून त्याच ओळीने परत येतो. तिसऱ्या खेपेला पहिली रेघ जाऊ दिली, कॅमेरा त्या ओळीवर रोखला आणि थांबले. परतीच्या वाटेवर तो आला. पाण्यावर त्याची रेघ, रेघेत त्याचंच उलटं चित्र. माझ्या आजवरच्या फोटोंतला तो सर्वांत चांगला. फेब्रुवारीतला.

मार्चमध्ये भाचा जिल्ह्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि तिसऱ्या गेममध्ये १९-२१ असा हरला. शेवटची चिडिया त्याच्याच बाजूला रेषेच्या आत पडली. हात मिळवून झाल्यावर तो जिन्याखाली जाऊन बसला, रॅकेट पायात, तोंड टॉवेलमध्ये. माझ्याकडे लेन्स होती, वरच्या झरोक्यातून तिरपा उजेड येत होता, आणि त्याने टॉवेल खाली घेतला त्या क्षणी मी बोट दाबलं. डोळे भरलेले, नाक लाल, मागचं सगळं धूसर. फोटो म्हणून उत्तम. त्याच रात्री मी तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘हारही सुंदर असते.’

अडतीस माणसं आहेत त्या ग्रुपवर. रडके चेहरे, हात जोडलेले, ‘बाळा खचू नकोस’, इंदूरच्या काकांचे बॅकहँड सुधारण्याचे सल्ले, सकाळपर्यंत सगळं चालू होतं. पुढच्या रविवारी मी पिशवी खांद्याला लावून निघाले तर वहिनीचा फोन आला. “तो म्हणतोय, आत्याला नको येऊ दे.”

मला वाटलं, मुलगा आहे, दोन दिवसांत विसरेल. तो विसरला नाही. एप्रिल गेला. मे आला आणि मी ठरवलं, हॉल नाही तर नाही, या वर्षी पाणचिऱ्यांचा मोठा, भरलेला, जवळून फोटो काढायचाच. ते कुढणं माझ्या डोक्यात नसतं, तर पुढचं घडलं नसतं असं मला वाटतं. पण ते आता कोण सांगणार.

पहाटे साडेतीनला निघाले. नदीवर पोचले तेव्हा तांबडं फुटत होतं. बेट दिसलं: पाण्याच्या मधोमध लांबट वाळूचा पट्टा, त्यावर पाणचिरे आणि नदी सुरय मिळून असतील पन्नासएक. लांबून बघताना ते नुसते ठिपके वाटतात. घरटं म्हणजे वाळूत केलेला खळगा, काड्या नाहीत, आडोसा नाही. अंडी वाळूच्याच रंगाची, चट्टेपट्टे असलेली. सारी मदार न दिसण्यावर. नावाड्याने नाव बरीच लांब उभी केली होती. मी दोन तास काढले. मनासारखं काही मिळेना. साडेआठला ऊन चटकायला लागलं तेव्हा मी त्याला म्हटलं, थोडं पुढे घे. त्याने घेतलं. अजून थोडं. तो म्हणाला, “उड़ जाएँगे, दीदी।” मी म्हटलं, बस, एवढंच. त्याची काही चूक नव्हती. मी तिसऱ्यांदा सांगितलं म्हणून नाव पुढे गेली.

सगळे एकदम उठले. आकाश पांढरं-काळं झालं, चोचींचा केशरी रंग उन्हात पेटल्यासारखा. त्यांच्या ओरडण्याने कान भरले आणि माझं बोट शटरवरून उठेना. एका दमात साठ फोटो. नावाडी मात्र वर बघतच नव्हता. तो वाळूकडे बघत होता. “अंडे धूप में हैं,” एवढंच बोलला आणि माझ्या परवानगीची वाट न बघता त्याने नाव मागे वळवली.

परतताना त्याने सांगितलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. मे महिन्यात वाळू इतकी तापते की या पक्ष्यांचं अंड्यांवर बसणं ऊब देण्यासाठी कमी आणि सावली धरण्यासाठी जास्त असतं. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ते अंडी गार करतात. पाणी उतरलं की बेट काठाला जुळतं आणि गावातली कुत्री, कोल्हे चालत येतात. गुरं तुडवतात. अभयारण्यात वाळू काढायला बंदी आहे, तरी ट्रॅक्टर येतात ते येतातच. एवढ्या सगळ्यातून जी पिल्लं निघायची, त्यांच्या वाटेत आता हौशी कॅमेरेवाले. हे शेवटचं वाक्य तो बोलला नाही. पक्षी परत बसायला सहा-सात मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांनी भाचा वहिनीने पाठवलेला डबा द्यायला आला. दारातूनच जाणार होता, पण लॅपटॉपवर तो फोटो उघडा होता आणि पंधरा वर्षांच्या मुलाला नाही म्हणवेना असाच तो फोटो होता. “भारी आहे!” म्हणून तो बसला. मोठा करून बघू लागला, या पक्ष्याची चोच, त्या पक्ष्याचा डोळा. मग खालच्या डाव्या कोपऱ्यात थांबला.

“आत्या, या कावळ्याच्या तोंडात काय आहे?”

मी तो कोपरा बघितला नव्हता. वाळूवर कावळा होता, आणि चोचीत अंडं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याने विचारलं, “हा ग्रुपवर टाकणार?”

“नाही.”

“माझा टाकलास.”

त्याचा तो फोटो मी त्याच संध्याकाळी ग्रुपवरून काढायला गेले तर सगळ्यांसाठी पुसण्याची मुदत कधीच उलटली होती. मग एकेकाला फोन केले. बहुतेकांनी लगेच काढून टाकला. पुण्याची एक मावशी म्हणाली, “अगं, किती बोलका फोटो आहे, राहू दे की.” तिला दोनदा फोन करावा लागला. अंड्याच्या फोटोचं मी काय केलं, असं मंडळातल्या एका मुलीने विचारलं होतं म्हणून सांगते: ठेवला आहे, कुठे पाठवला नाही, पाठवणार नाही.

आता या छंदाकडे वळू पाहणाऱ्या मुलांनी मला खर्चाचं विचारलं, तर मी हॉलपासून सुरुवात करा म्हणते. नदीला जायला पहाटे उठावं लागतं, गाडी लागते, आई-बाबांची परवानगी लागते. हॉल गल्लीच्या टोकाला असतो. जुना कॅमेरा आणि एक उघड्या तोंडाची जुनी लेन्स पुरते. तीही नसेल तर फोनवर सुरुवात करा, पण आधी तीन रविवार बिनकॅमेऱ्याचे काढा. हॉलमध्ये काढलेला लहान मुलांचा फोटो त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही जाऊ देऊ नका. आमच्याकडे आता रीत अशी आहे, की निवड भाचा करतो. तो जे ‘हा नको’ म्हणतो, ते मी त्याच्यासमोर पुसते. कधीकधी फार चांगले फोटो जातात. परवा एक डाइव्हचा गेला, कारण त्यात म्हणे त्याची चड्डी दिसत होती. मला हळहळ वाटली, पण गेला.

नदीवर एप्रिल ते जून मी बेटाजवळ जात नाही. एखाद्या पक्ष्याने मान वर केली किंवा तो बसल्याजागी उभा राहिला, की तिथेच थांबायचं, नाव मागे घ्यायची. त्याच्यापुढे विचारायचं नाही. घरट्यांचं बेट नेमकं कुठे आहे, हे फोटोखाली लिहीत नाही, या लेखातही लिहिलेलं नाही. हिवाळ्यात मात्र मनसोक्त जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घडियाल उन्हात पडलेले असतात, बदकं आलेली असतात, नशीब असेल तर डॉल्फिनची पाठ दिसते. ती मात्र फोटोत येईल अशी आशा ठेवू नका. मला आजवर फक्त पाण्यावरची वर्तुळं मिळाली आहेत.

जुलैत भाच्याने मला पुन्हा हॉलमध्ये येऊ दिलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो माझ्याबरोबर नदीवर आला. पहाटे साडेतीनला उठून, कुरकुरत. नावाडी तोच होता. बेट या वेळी दुसरीकडे सरकलेलं, नदी दर पावसाळ्यात वाळू हलवते. आम्ही लांबच उभे राहिलो आणि पावणेसहाला मी एक फोटो घेतला. सबंध नदी, धुकटलेला काठ, मधे वाळूची पिवळी रेघ आणि तिच्यावर ठिपके. तो मोठा करून आता बैठकीत लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, यात पक्षी कुठे आहेत? मी काही सांगायच्या आत भाचा उठतो, भिंतीपाशी जातो आणि बोट लावून मोजायला लागतो. परवा त्रेचाळीस झाले. त्याच्या मते दोन अजून आहेत, दगडाच्या पलीकडे बसलेले.